तेवीस दिवसांची नोकरी

माझ्या भाचीच्या अर्जातून मी एक ओळ काढली. एका लहान विमान कंपनीत प्रशिक्षणार्थी सहवैमानिक, कालावधी तेवीस दिवस, वडिलांच्या आजारपणामुळे नोकरी सोडली, एवढाच त्या ओळीचा मजकूर होता. ओळ तिने लिहिली होती. काढण्याचा निर्णय माझा होता. त्यातून जे झाले ते इथे लिहितो आहे. जे मी पाहिले ते पाहिल्याप्रमाणे, जे मला सांगितले गेले ते सांगितल्याप्रमाणे.

चंद्रपुरात एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मी बावीस वर्षे काम केले. पहिली नऊ वर्षे टेबलावर, नंतर बाहेर. टेबलावरचे काम म्हणजे तालुक्यांतून आलेल्या बातम्या कापणे. सिरोंच्यापासून ब्रह्मपुरीपर्यंतचे वार्ताहर भरभरून लिहीत आणि पानावर जागा वीतभर असे. ज्या वाक्याने वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहील आणि उत्तर द्यायला जागा नसेल, ते वाक्य काढून टाकायचे, हा आमच्या टेबलाचा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. शेजारी बसणाऱ्या वयस्क उपसंपादकाची लाल पेन्सिल कुठे थांबते ते बघून मी तो शिकलो. तो नियम बातमीचा आहे, माणसाचा नाही, हे मला कुणी सांगितले नाही आणि मी स्वतःही कधी तपासले नाही.

वर्तमानपत्रात काम करणाऱ्याकडे लोक अर्ज घेऊन येतात. आमच्या वस्तीत ती रीतच होती. जातपडताळणी, बदली, वाघाने बैल मारल्याची भरपाई, विजेचे मीटर. रविवारी सकाळी माझ्या वऱ्हांड्यात चार-पाच माणसे बसलेली असत. "भाऊ, जरासं बरोबर करून दे न," म्हणून कागद पुढे करत. बरोबर करणे म्हणजे लहान करणे, असा माझा समज होता आणि तो सहसा खोटा ठरत नसे.

एकदा एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाहून एक म्हातारा वनहक्काचा दावा घेऊन आला. तीन पिढ्या त्याचे घर ती जमीन कसत होते. मध्ये एक वर्ष घरातली माणसे लागोपाठ दगावली म्हणून ते सगळे नातेवाइकांच्या गावी जाऊन राहिले होते. ते वर्ष दाव्यात लिहावे, असा त्याचा आग्रह होता.

"थे एक साल आमी तिथी नव्हतो, भाऊ. लिहा थे."

"कोनं विचारलं का तुमाले?"

"नाई."

"मंग कायले लिहाचं?"

"नव्हतो म्हनून."

मी लिहिले नाही. दावा मंजूर झाला. पुढच्या उन्हाळ्यात तो चारोळीची पुडी घेऊन आला, बसला, पाणी प्यायला आणि गेला. त्या वर्षाचा विषय त्याने काढला नाही. माझी पद्धत बरोबर असल्याचा पुरावा म्हणून मी हा प्रसंग नंतर अनेकांना सांगत असे.

भाची माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण सिंदेवाहीला शिक्षिका, मेहुणे तिथल्या भात संशोधन केंद्राच्या शेतावर कामाला. आजोबांनी बाबासाहेबांच्या मागे धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात शिकावे की नाही यावर वाद होत नाही. काय शिकावे यावर मात्र होतो. बारावीनंतर पोरीने वैमानिक होण्याचे काढले तेव्हा बहिणीने डी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता. मेहुण्यांनी तो फॉर्म घडी घालून कपाटावर टाकला. "उडू दे न तिले," एवढेच ते बोलले. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. दुसऱ्या राज्यात जाऊन तिने प्रशिक्षण पूर्ण केले. लायसन्स हातात आले तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

त्या आठवड्यात गल्लीतल्या बाया तिला बघायला येऊन जात होत्या. शेजारची एक बाई म्हणाली, "काय वो बाई, आता आमच्या घरावरून नेशीन का तुहं विमान?"

"नेईन न, मावशी. पन छतावर सरगुंडे-शेवया वाळू घातल्या असन त उचलून ठेवजा. साऱ्या मूल गावच्या रस्त्यावर सापडतीन."

लायसन्स मिळाले म्हणजे नोकरी मिळाली, असे आम्ही धरून चाललो होतो. तसे नव्हते. मोजक्या तासांचा अनुभव असलेले पुष्कळ नवे वैमानिक घरी बसून होते. दहा महिन्यांनी तिला एका लहान कंपनीत जागा मिळाली. भाड्याने जाणारी छोटी विमाने त्या कंपनीकडे होती. आधी वर्ग झाले, मग दोन उड्डाणे, पहिले एक तास दहा मिनिटांचे, दुसरे पंचावन्न मिनिटांचे. उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीत बसून.

नोकरीच्या बाविसाव्या दिवशी मेहुणे भाताची रोवणी चालू असताना बांधीत, म्हणजे खाचरात, कोसळले. अर्धांगवायूचा झटका होता. उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. बहीण एकटी होती, मी गडचिरोलीत पुराच्या बातमीवर होतो. तेविसाव्या दिवशी भाचीने कंपनीला मेल पाठवला आणि मिळेल त्या गाडीने नागपूरच्या दवाखान्यात पोचली. कंपनीचे उत्तर दोन आठवड्यांनी आले. पूर्वसूचना न देता सेवा सोडल्याची नोंद घेण्यात आली आहे, असे त्यात होते. तिने ते वाचले आणि मोबाइल उशीखाली ठेवला. त्यानंतर साडेचार महिने ती वडिलांजवळ राहिली. हात वर उचलणे, चमचा धरणे, पाटीवर क काढणे, हे तिने त्यांना शिकवले.

पुढची दोन वर्षे कुठूनही बोलावणे आले नाही. वैमानिकाच्या लायसन्सवरच्या काही परवानग्या दरवर्षी पुन्हा मिळवाव्या लागतात, वैद्यकीय तपासणीही दरवर्षी होते. न उडता गेलेला प्रत्येक महिना उमेदवाराला मागे टाकतो. ती सत्तावीस वर्षांची झाली होती. अशा वेळी एका मोठ्या विमान कंपनीची लेखी परीक्षा ती पास झाली आणि मुलाखतीचे पत्र आले. ही जागा मिळाली तर ती वैमानिक म्हणून जगणार होती. नाही मिळाली तर दुसरी संधी येईल की नाही, हे घरात कुणालाच माहीत नव्हते.

मुलाखतीपूर्वी एक सविस्तर फॉर्म भरून द्यायचा होता. तो बघायला मी रविवारच्या सकाळी चंद्रपूरहून सिंदेवाहीला गेलो. मेहुणे आतल्या खोलीत झोपले होते. दिवाणावर लॅपटॉप उघडा होता. यापूर्वीच्या सर्व नोकऱ्या लिहाव्यात, कालावधी कितीही असो, असे फॉर्ममध्ये स्पष्ट म्हटले होते. सोडण्याचे कारण लिहायला पाच ओळींची जागा होती. भाचीने एकच ओळ लिहिली होती.

"हे तेवीस दिवस काऊन टाकले?" मी विचारले.

"सगळ्या लिहा म्हनून राह्यले न, मामा."

"सगळ्या म्हन्जे सांगन्यासारख्या. तेवीस दिवसाची का नोकरी असते?"

"दोनदा उडाली न मी त्यायच्या विमानात."

"आन् त्यायनं लिहून देल्लं, न सांगता सोडली म्हनून. उद्या यायनं तिथी फोन लावला त?"

"मंग सांगीन न बाबाचं."

"सांगाची पाळी काऊन आनाची?"

बहीण चहा घेऊन आली. "भाऊ म्हन्ते त ऐक वो. याच्या हातानं किती लोकायचे कामं झाले. तुले विमान समजते, कागद नाई समजत."

"आई, थे बैलाचे अर्ज होते."

आम्ही तिघेही हसलो. हसणे थांबल्यावर ती म्हणाली, "पन मामा, लॉगबुकात हाय थे."

वैमानिकाच्या लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाची नोंद असते. तारीख, विमानाचा क्रमांक, कुठून कुठे, किती वेळ. नोंद शाईने करायची. चूक झाली तर वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी सही करायची. पान फाडता येत नाही. हे सगळे तिने मला लायसन्स मिळाले त्याच आठवड्यात दाखवले होते. म्हणजे मला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही.

"तासायची बेरीज पाह्यतेत थे," मी म्हणालो. "पानं कोन पलटवते?"

मी ओळ काढली. त्या काळासाठी घरी राहून तयारी, असे लिहिले. फॉर्मच्या शेवटी वरील माहिती संपूर्ण व सत्य असल्याचे घोषणापत्र होते. तिथे तिचा हात थांबला. असे घोषणापत्र मी शेकडो अर्जांखाली पाहिले होते. "कर," मी म्हणालो. तिने केले. मी जेवून दुपारच्या एसटीने परतलो.

मुलाखत दिल्लीजवळ झाली. मी तिथे नव्हतो. पुढचे तिने सांगितले तसे लिहितो. समोर तिघे होते. एक वयस्क कॅप्टन, एक मनुष्यबळ विभागातल्या बाई आणि एक तरुण अधिकारी, जो फारसे बोलला नाही. पहिली पंचवीस मिनिटे हवामान, इंजिन, कमी दृश्यमानतेत उतरण्याचे नियम यावर प्रश्न झाले. तिची उत्तरे बरोबर येत होती. ते तिला समोरच्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते. बाईंनी एकदा मान डोलावली. या वेळात कॅप्टन तिचे लॉगबुक हातात घेऊन एकेक पान उलटत होते. एका पानावर त्यांनी बोट ठेवले.

हे विमान कोणाचे, त्यांनी विचारले. विमानाच्या क्रमांकावरून त्यांना ते माहीत असावे. तिने कंपनीचे नाव सांगितले. ही कंपनी फॉर्ममध्ये नाही, ते म्हणाले. तिने नाही म्हटले. किती दिवस होतात तिथे? तेवीस. का सोडलीत? वडिलांना अर्धांगवायू झाला.

कॅप्टनने लॉगबुक मिटले नाही. उघडेच टेबलावर ठेवले. मग हे लिहायला काय हरकत होती, असे त्यांनी विचारले. आवाज चढलेला नव्हता, असे ती सांगते. त्यांना खरोखरच ते समजून घ्यायचे होते, असे तिला वाटले. तिने उत्तर दिले की नोकरी फार थोड्या दिवसांची होती, लिहिण्याएवढी वाटली नाही.

ते म्हणाले, विमानात बहुतेक गोष्टी थोड्याच असतात. थोडा आवाज, थोडे तेल, एका दिव्याचे क्षणभर लागणे. त्या उतरल्यावर लिहायच्या असतात, कारण पुढचा वैमानिक तुम्हाला ओळखत नसतो. त्याच्याकडे तुम्ही लिहिलेलेच असते.

मग बाईंनी आभार मानले. एकूण चाळीस मिनिटे झाली होती.

तिचा फोन आला तेव्हा मी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात, एका मोर्चाच्या बातमीसाठी उभा होतो. ती म्हणाली, "मामा, पान पलटवलं त्यायनं." मला लगेच कळले. मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. ती म्हणाली, "आईले नका सांगू आत्ता. मी घरी येऊन सांगीन." चार दिवसांनी निवड न झाल्याचा मेल आला. कारण दिलेले नव्हते. ठरावीक मुदतीपर्यंत त्या कंपनीत पुन्हा अर्ज करता येणार नव्हता.

वर्तमानपत्रात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. मी आयुष्यात बऱ्याच दुरुस्त्या लिहिल्या आहेत. त्या कशा लिहायच्या, हे मला चांगले जमते. कोणाचीही बाजू न घेता चूक काय, बरोबर काय, जबाबदारी कोणाची, एवढेच सांगायचे. त्याच पद्धतीने मी विमान कंपनीला पत्र लिहिले. ओळ उमेदवाराने लिहिली होती, ती मी काढली, नोकरी सोडण्याचे कारण वडिलांचा आजार हेच होते आणि दवाखान्याचे कागद सोबत जोडले आहेत, असा मजकूर होता. दोनशेपेक्षा कमी शब्द. पाठवण्याआधी तिला दाखवायला सिंदेवाहीला गेलो.

तिने ते उभ्यानेच वाचले. "नका पाठवू," ती म्हणाली.

"काऊन? खरं हाय न सारं."

"खरं हाय. पन यातबी तुमीच माहा अर्ज लिहून राह्यले, मामा."

तिने कागद परत दिला. रागावून नाही, एखादी वस्तू ज्याची त्याला द्यावी तसा दिला. मी पत्र पाठवले नाही. त्या दिवसानंतर रविवारच्या सकाळी वऱ्हांड्यात येणाऱ्यांना मी अर्ज वाचून दाखवू लागलो, काय काढले तेही सांगू लागलो. काहींना ते आवडले नाही. येणारी माणसे कमी झाली.

दीड वर्षाने दुसऱ्या एका विमान कंपनीचे बोलावणे आले. हा फॉर्म तिने एकटीने भरला. त्यात आणखी एक प्रश्न होता. यापूर्वी कोणत्या विमान कंपनीत मुलाखत झाली, निकाल काय लागला. तिने तेवीस दिवस लिहिले, वडिलांचा आजार लिहिला, कंपनीने केलेली नोंद जशीच्या तशी लिहिली. शिवाय आधीच्या मुलाखतीत ही माहिती दिली नव्हती, हेही लिहिले. एका ओळीची गोष्ट आता पाऊण पानाची झाली होती. हे मला बहिणीकडून कळले.

मुलाखतीत त्या पाऊण पानावरच बहुतेक वेळ गेला. तेव्हा का लपवले आणि आता का सांगता, असे तिला दोन-तीन प्रकारांनी विचारण्यात आले. लपवायचा सल्ला कोणी दिला होता का, असेही एकाने विचारले. सही माझी होती, असे उत्तर तिने दिले. तिचे नाव राखीव यादीत आले. आठ महिन्यांनी यादीची मुदत संपली. यादी तिच्या नावापर्यंत पोचली नाही.

त्यानंतर ती भेटली तेव्हा मी म्हणालो, "माहं नाव सांगून द्याचं होतं."

"सांगतलं असतं," ती म्हणाली. "मंग त्यायनं विचारलं असतं, उद्या अजून कोनं सांगतलं त काय काय काढशीन."

ती माझ्याकडे बघून जराशी हसली. "तुमचंच नाई न चुकलं, मामा. मले समजत होतं. मीच नाई म्हटलं नाई." असे ती म्हणाली म्हणून माझ्या वाट्याचे काही कमी होत नाही. तिला समजत होते आणि तरी तिने माझे ऐकले. याचे कारण असे की लहानपणापासून तिने घरात लोकांना माझे ऐकतानाच पाहिले होते.

यादीची मुदत संपल्याचे मेहुण्यांना बहिणीने सांगितले. तोवर त्यांना तेवीस दिवसांचा भाग कोणी सांगितला नव्हता. त्यांना त्रास होईल म्हणून, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. मी गेलो तेव्हा ते अंगणात खुर्चीवर बसले होते. ते आता बोलतात, पण शब्द शोधून आणि थांबून. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "माह्यासाठी आली थे."

"हो."

"थे... काऊन काढलं?"

पहिल्या कंपनीने घेतलेली नोंद, न दिलेली सूचना, वाचणाऱ्याच्या मनात उभा राहणारा प्रश्न. हे सगळे मी दोन वाक्यांत सांगितले. ते ऐकत होते. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"मले वाटलं, विचारतीन," मी म्हणालो.

"विचारू... द्याचं होतं न," ते म्हणाले. "पोरगी बापापाशी आली... असंच सांगतलं असतं तिनं. काय वाईट होतं त्यात?"

बहिणीने आतून जेवायला हाक मारली. त्यांना उठायला आधार लागतो. मी हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला.

भाची आता नागपुरात वैमानिकांच्या परीक्षेच्या वर्गात हवामानशास्त्र शिकवते. चांगली शिकवते, असे ऐकतो. वैद्यकीय तपासणी ती दरवर्षी करून घेते. उड्डाणाच्या परवानग्यांपैकी एकीची मुदत गेल्या वर्षी संपली, ती तिने अजून पुन्हा घेतलेली नाही. घेणार आहे की नाही, ते बहिणीलाही माहीत नाही. अजून कुठे अर्ज करते का, ते ती मला सांगत नाही. मी विचारत नाही.